कोयत्याची पाठ

आमच्या पादऱ्याच्या घरातील कोयता माझ्या हातून मोडला, हे प्रथम कबूल करतो आणि मग पुढचे लिहितो. हा कोयता आजोबांनी रत्नागिरीकडून आणलेला. गायकवाडी अमदानीत वहिवाटदाराच्या कचेरीत कारकुनीची जागा मिळाली, तेव्हा एक पत्र्याची पेटी, देवांचा संबळ आणि हा कोयता एवढ्या ऐवजानिशी ते इकडे आले, असे आजी सांगत असे. नारळी-पोफळीच्या मुलखातील हत्यार कापूस-तुरीच्या या सपाट मुलखात काय कामाचे, असे कोणालाही वाटावे. पण तीन पिढ्यांत ते खुंटीवर फारसे स्वस्थ बसले नाही. बंबासाठी ढलप्या त्यानेच फोडल्या, देवापुढचे नारळ त्यानेच सोलले, तुळशीच्या लग्नाचे ऊस त्यानेच तोडले आणि परसातल्या वेलांच्या मांडवासाठी बांबूच्या कामट्याही त्यानेच काढल्या. वरचेवर धार लावून लावून त्याचे पाते मूळच्या निम्म्या रुंदीचे राहिले होते.

पादरे वडोदऱ्यापासून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरांवर. १७३४ साली महादजी गायकवाडांनी वडोदरे जिंकून घेतले, त्या मोहिमेत पादऱ्याच्या देसायांचे त्यांना साहाय्य होते. म्हणजे मराठी माणसाचा आणि या गावाचा संबंध वडोदऱ्यातील गायकवाडी राजवटीइतकाच जुना. कचेऱ्यांमागून कारकून आले, भिक्षुक आले, मास्तर आले. १९४९ साली संस्थान विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य झाले, बरीच घरे वडोदऱ्यात किंवा पुण्या-मुंबईस गेली. आमच्यासारखी काही परसातल्या विहिरीच्या मोहाने राहिली. पादऱ्याची माती भाजीची. बाजारात जाऊन गिलकी-दोडकी विकत घ्यायला लाज वाटावी, इतकी ती परसात येतात. फक्त त्यांना चढायला मांडव लागतो आणि मांडवाला चिरलेला बांबू लागतो.

गेल्या माघात मी तसाच बांबू चिरायला बसलो होतो. वडील कोयत्याच्या पाठीवर नेहमी बाभळीच्या मोगरीने मार देत. मोगरी सापडेना, म्हणून मी हाताशी असलेला लोखंडी हातोडा घेतला. बांबूच्या गाठीशी पाते अडले, मी जोर केला, आणि चौथ्या-पाचव्या घावाला मुठीपासून चार बोटांवर कोयता काडकन मोडला. पुढचा तुकडा बांबूतच अडकून राहिला. आई आज हयात नाही, याचे त्या क्षणी मला बरे वाटले. असे वाटल्याचे नंतर वाईट वाटले.

दोन्ही तुकडे घेऊन लोहाराकडे गेलो. हे वृद्ध मिस्त्री आता नित्याचे काम करीत नाहीत. मुलगा कारखान्यात जातो, भाता विजेच्या पंख्याचा आहे, आणि ऐरणीवर बहुतेक वेळ मांजर निजलेले असते. त्यांनी मोडलेले तोंड उन्हाकडे धरून कितीतरी वेळ पाहिले. मोडीचा बराचसा भाग ताजा, राखाडी, साखरेच्या कणांसारखा चमकत होता. पण पाठीकडचा नखाएवढा भाग काळपट होता. "काका, आ तो जूनी तिराड छे," ते म्हणाले. चीर जुनी होती. पोलादात पडलेल्या चिरेत हवा-पाणी शिरून ती आतून काळी पडते. नवी मोड उजळ असते. तेव्हा माझ्या हातोड्याने शेवटचे काम केले खरे, पण सुरुवात फार पूर्वी कोणीतरी केलेली होती. वडील मुठीजवळ कधीच मार देत नसत आणि मोगरीशिवाय कोयत्याला शिवत नसत, हे मला तेव्हा आठवले. आम्ही मुले त्याला त्यांची शिस्त समजत होतो. त्यांना चीर ठाऊक असावी.

डाक देऊन सांधता येईल का, या प्रश्नावर मिस्त्रींनी मान हलवली. सांधला तर भिंतीवर लावायला चांगला, म्हणाले. नवा करावा लागेल. आणि येथे माझ्यातला जुना ड्रॉइंग-मास्तर जागा झाला. नवाच करायचा, तर तो विचारपूर्वक का करू नये? कापण्याच्या कामी सुरी आणि फोडण्याच्या कामी पाचर, अशी दोन्ही कामे नीट करणारे एकच हत्यार आखावे, असे मनात आले.

वाचकांपैकी ज्यांनी हाताने लाकूड फोडले नसेल, त्यांच्यासाठी थोडे विषयांतर करणे अवश्य आहे. कापणे आणि फोडणे ही आपण एकाच घरची कामे समजतो. वास्तविक ती परस्परविरुद्ध आहेत. लाकूड म्हणजे खालून वर गेलेल्या तंतूंची जुडी. आडवे कापताना प्रत्येक तंतू तोडावा लागतो. तेथे धार पाहिजे, आणि धारेमागचे पाते जितके पातळ तितके बरे. उभे फोडताना तंतू तोडायचेच नसतात. ते नुसते एकमेकांपासून सोडवायचे असतात. धार लागते ती पहिल्या प्रवेशापुरती. एकदा पाते आत शिरले की काम करतात ते पात्याचे दोन गाल. ते लाकूड दोन बाजूंना रेटतात आणि चीर धारेच्या पुढे-पुढे पळते. धार पुष्कळदा लाकडाला लागलेलीही नसते. म्हणून फोडणाऱ्या हत्याराला जाड अंग हवे, गोलसर गाल हवेत, बोथट धार चालते. भाजीच्या सुरीने लाकूड फोडू गेल्यास ती रुतून बसते, आणि पाचरीने दुधी चिरू गेल्यास काय होते ते सांगायला नको.

युरोप-अमेरिकेतील खेडवळ सुतारांकडे नुसत्या फोडण्यासाठी केलेले एक हत्यार असे. त्याला फ्रो म्हणतात. एक हातभर लांबीचे जाड, सरळ पाते. त्याच्या एका टोकाला नेढे, आणि त्या नेढ्यात काटकोनात उभा बसवलेला लाकडी दांडा. पाते लाकडाच्या माथ्यावर ठेवायचे, पाठीवर लाकडी मोगरीने मारायचे, आणि पाते आत गेले की उभा दांडा आपल्याकडे ओढायचा. पाते स्वतःभोवती किंचित वळते आणि लाकूड उकलते. छपरांच्या लाकडी कौलांसाठी, कुंपणाच्या पट्ट्यांसाठी, पिपांच्या फळ्यांसाठी ते वापरीत. करवतीने कापलेल्या फळीत तंतू मध्येच तुटलेले असतात. फ्रोने उकललेल्या फळीत ते अखंड राहतात, म्हणून ती पातळ असूनही चिवट असते आणि तिच्यात पाणी कमी मुरते. आपल्याकडची सुपे-टोपल्यांची कामटी चिवट असते, तीही याच कारणाने.

येथे मला आमच्या घरातील विळी आठवल्याशिवाय राहत नाही. सुरीत पाते हलते आणि भाजी स्थिर असते. विळीत पाते स्थिर आणि भाजी हलते. फ्रोमध्ये तिसरीच तऱ्हा: पाते बसवलेले, लाकूड उभे, आणि हलते ती फक्त मोगरी. मराठी घरे गुजरातेत कितीही मुरली तरी विळी सुटली नाही, आणि शेजारच्या बायकांनी आमच्या आईला विळीवर बसलेली पाहून मानेला हात लावला नाही असे एक वर्ष गेले नाही. असो.

मी आलेख-कागदावर तीन रात्री घालवल्या. कोकणी कोयत्याचे पुढचे बाकदार टोक प्रथम काढून टाकले. फांदी ओढायला ते उत्तम, पण चिरलेल्या बांबूत नेमके तेच अडकते. येथल्या शेतकऱ्याचे धारिये पाहिले. त्याचा लांब दांडा झाडझुडूप तोडायला सोयीचा, पण बसून काम करायला अडचणीचा. मग दहा इंच लांब, दोन इंच रुंद असे सरळ पाते आखले. पाठ सहा मिलिमीटर. आणि आता माझी करामत: पात्याच्या पुढच्या टोकाशी एक भोक. एरवी ती सुरी; फोडायचे असेल तेव्हा त्या भोकात काटकोनात एक दांडी घालायची, म्हणजे फ्रोसारखी तरफ मिळेल. हे चित्र मला इतके आवडले की ते मी शाईने पक्के केले.

माझे वडील कलाभवनात सुतारकाम शिकलेले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली वडोदऱ्यात ती संस्था काढली आणि तिची धुरा त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे दिली. गज्जर रसायनशास्त्राचे पंडित, पण कारागिराला विद्या द्यायची तर त्याच्या भाषेत द्यावी, या मताचे. दादासाहेब फाळके ज्या कलाभवनात शिकले ते हेच. वडील म्हणत, तेथे आधी रंधा धरायला शिकवीत आणि मग पेन्सिल. मी मात्र आयुष्यभर मुलांना आधी पेन्सिल धरायला शिकवली. त्या दोन पद्धतींत काय अंतर आहे, ते मला पुढच्या आठवड्यात कळले.

मिस्त्रींनी चित्र पाहिले आणि भोकावर बोट ठेवून विचारले, "आ जोईए ज?" मी हवेच म्हणालो. त्यांनी वाद घातला नाही. मालमोटारीच्या कमानीची एक जुनी पट्टी घेतली; हल्ली बहुतेक लोहार कोयते-कुऱ्हाडींसाठी हेच पोलाद घेतात, कारण ते स्वस्त मिळते आणि चिवट असते. पूर्वी तसे नव्हते. आमच्या मोडक्या कोयत्याचे अंग मऊ लोखंडाचे होते आणि फक्त तोंडाला पोलादाची पट्टी तापवून, ठोकून, एकजीव केलेली होती. पोलाद तेव्हा महाग; जेथे धार तेथेच ते वापरायचे.

पाते घडले, भोक पडले, आणि पाणी देण्याची वेळ आली. मराठीत आपण हत्याराला पाणी देतो असे म्हणतो, आणि माणसाचे पाणी जोखतो तेही त्यावरूनच. माझ्या आग्रहावरून मिस्त्रींनी सगळे पाते एकदम पाण्यात बुडवले. टिंग असा एक बारीक आवाज आला. त्यांनी पाते वर काढले. भोकाच्या कडेपासून पाठीपर्यंत केसाएवढी चीर गेली होती.

त्याचे कारण मला पुस्तकातून ठाऊक होते, आणि तरीही मी आग्रह धरला होता. मोटारीच्या कमानीच्या पोलादात बहुधा सिलिकॉन आणि मँगेनीज मिसळलेले असते. ते तेलात निववायचे पोलाद आहे. पाण्यात ते फार झपाट्याने थंड होते, वरचा थर आवळतो, आतला अजून तापलेला असतो, आणि जेथे भोक किंवा कोपरा असेल तेथे सगळा ताण गोळा होतो. मिस्त्रींना यातले एकही नाव माहीत नव्हते. पण भोक नको आणि पाणी नको, हे दोन्ही त्यांना आधीच माहीत होते. मग बोलला का नाहीत, असे मी विचारले. ते म्हणाले, तुम्ही शाईने काढून आणले होते.

भोक गेले की माझी तरफही जात होती, आणि त्याचे मला वाईट वाटत होते. सुरीची मूठ पात्याच्या सरळ रेषेत असते. ती पिळून पाते कितीसे वळणार? फ्रोचा हातभर उभा दांडा जे करतो, ते मनगटाने होत नाही. हा गुंता सुटला तो भलत्याच ठिकाणी. वडोदऱ्यात रस्त्याच्या कडेला वांसफोडा समाजातील एक बाई टोपल्या विणत बसल्या होत्या. त्यांच्या हातात वीतभर साधे पाते होते. बांबूच्या तोंडाशी त्यांनी ते ठेवले, लाकडाने दोनदा ठोकले, चीर पडताच पाते काढून घेतले, आणि त्या चिरेत बांबूचाच एक तुकडा आडवा घालून तो पुढे रेटला. कांड्यामागून कांडे फट्-फट् करीत उकलत गेले. पाते बाजूला पडले होते. मी जवळ बसून विचारपूस केली, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "वांस तो एनी मेळे फाटे, आपणे तो खाली रस्तो बताववानो." ज्यांच्या जातीचे नावच बांबू फोडण्यावरून पडले, त्यांना हे सांगण्याचा अधिकार आहे.

रस्ता दाखवायचा कसा, तेही त्यांनी दाखवले. चीर मधूनच सरकून एक कामटी जाड आणि एक बारीक होऊ लागली, की त्या जाड बाजू अधिक वाकवीत. चीर लगेच जाड बाजूकडे वळून मध्यावर येई. जी बाजू अधिक वाकते तिकडे चीर झुकते, हा नियम लाकडालाही तसाच लागू आहे, आणि फ्रो वापरणारे सुतारही जाड बाजू खाली घालून तिच्यावर भार देतात. समुद्रापलीकडचा सुतार आणि वडोदऱ्याच्या रस्त्यावरची ही बाई यांनी एकमेकांना विचारले नव्हते. दोघांनी लाकडाला विचारले होते.

तरफेचे काम लोखंडाने करण्याची गरजच नव्हती. त्यासाठी बाभळीची एक पाचर पुरे, आणि ती पाचर तासायला हीच सुरी उपयोगी. मी घरी येऊन शाईचे चित्र खोडले नाही. दुसरे काढलेच नाही, एवढेच.

दुसऱ्या वेळी मी तोंड उघडले नाही. मिस्त्रींनी नवी पट्टी घेऊन पाते ठोकले, गाल दोन्ही बाजूंनी किंचित फुगीर ठेवले. सपाट गाल लाकडाला चिकटून बसतो; फुगीर गाल लाकूड ढकलून स्वतः मोकळा राहतो. मग संध्याकाळी, दिवे लागण्याच्या सुमारास, पाणी द्यायला घेतले. ही वेळ मुद्दाम, कारण उन्हात तापल्या लोखंडाचा रंग डोळ्यांना फसवतो. पाते लाल झाले तेव्हा त्यांनी त्याला लोहचुंबक लावून पाहिले. सुमारे ७७० अंशांच्या वर लोखंडाला चुंबक धरत नाही; त्यापुढे थोडे तापले की पोलाद निववण्याजोगे होते. पत्र्याच्या डब्यात तेल तयार होते. इंजिनाचे जुने तेल, सिंगतेल नव्हे. सिंगतेलाचा भाव गुजरातेत कोणत्या थराला जातो ते वाचक जाणतातच. त्यांनी पाते धारेकडून उतरवले आणि अर्ध्यापर्यंतच बुडवून धरले. पाठ बाहेर, लालच. धूर, वास, आणि मग क्षणभराने पाते वर.

त्यानंतर जे घडले ते पाहण्यासाठी प्रत्येकाने एकदा तरी लोहाराच्या दारात उभे राहावे. त्यांनी दगडाने धारेजवळची काजळी भराभर घासली. पोलाद चकचकीत झाले. पाठीत उरलेली उष्णता हळूहळू धारेकडे उतरू लागली, आणि त्या चकाकीवर रंग चढू लागले: आधी गवताच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि मागून निळा येत होता. पिवळा म्हणजे धार अतिशय कठीण, पण घाव बसताच तुकडा उडणारी. निळा म्हणजे चिवट, पण लवकर बोथट होणारी. वस्तऱ्याला पिवळा साजतो, कमानीला निळा. तपकिरीत जांभळ्याची छटा धारेशी आली आणि मिस्त्रींनी पाते निववले. सुरी आणि पाचर यांची तडजोड मी तीन रात्री कागदावर शोधीत होतो. ती बोटभर पट्ट्यात, दोन-चार श्वासांच्या अवधीत, समोर येऊन गेली. धार कठीण राहिली, पाठ मऊ राहिली. मऊ पाठ मोगरीचे घाव गिळते, तडकत नाही. नेपाळी कारागीर खुकरीला पाणी देताना किटलीने फक्त धारेवर धार सोडतात, ते याचसाठी.

धार लावताना एकच गोष्ट मी सुचवली आणि ती त्यांनी मानली. मुठीजवळची तीन इंच धार पातळ ठेवली, सुतळी आणि वेल कापण्यापुरती; पुढची सात इंच जाड कोनाची, तीस अंशांच्या थोडी वर, कारण लाकूड तेथेच येते. टोक चौकोनी ठेवले. फोडताना ते लाकडाबाहेर डोकावते आणि मोगरीचा मार त्याच्यावर बसतो. मूठ बाभळीची, तिला लोखंडी कडे, मुठीसह वजन अर्ध्या किलोच्या आसपास. दिसायला हत्यार काही देखणे नाही. पुण्याच्या मासळी-बाजारातील सत्तूर आणि जपानी शेतकऱ्याचे नाता नावाचे हत्यार यांच्या मधले काहीतरी दिसते.

ते दोन्ही कामे सारख्याच उत्तम रीतीने करते का? नाही. भाजी चिरायला ते जड पडते; घरात सूनबाई त्याला हात लावीत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे. कडुनिंबाचे लाकूड त्याने फोडवत नाही. त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले, तेथे कुऱ्हाडही त्रासते. बांबू, सरळ वाढलेला साग आणि गाठी नसलेली बाभूळ मात्र ते आनंदाने उकलते. लाकूड हाताने धरून कधी फोडू नये, आणि पाठीवर लोखंड कधी मारू नये. यातले दुसरे मी आता मोठ्या अधिकाराने सांगू शकतो. बाभळीची नवी मोगरी केली आहे आणि ती कोयत्याच्याच खुंटीवर टांगते, म्हणजे एकीशिवाय दुसरा हाती येणार नाही.

'कोयता' हा शब्द अलीकडे वर्तमानपत्रांत मारामाऱ्यांच्या बातम्यांतच अधिक दिसतो. महाराष्ट्रात ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाही 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसे मिळून एक हत्यार. नव्या हत्याराला कोयता म्हणावे की सुरी, हा आमच्या घरात अजून वादाचा विषय आहे. नातू त्याला नुसते 'पादरा' म्हणतो.

जुन्या कोयत्याचे दोन्ही तुकडे मिस्त्रींकडेच राहिले होते. मजुरी द्यायला गेलो तेव्हा त्यांनी फडक्यात गुंडाळलेले काहीतरी हातावर ठेवले. मुठीकडच्या तुकड्याचे त्यांनी खुरपे केले होते. काळपट चीर जेथे होती तेवढा भाग कापून टाकला होता. पुढचे बाकदार टोक तसेच परत दिले, त्याला हात लावला नव्हता. खुरप्याने आम्ही गिलक्यांची आळी केली. चैत्र उतरता वेल मांडवावर गेले.